दहापैकी सहा

आमच्या नेत्र रुग्णालयात नवं ओसीटी यंत्र आलं, त्यासोबत एकशे बारा पानांचं माहितीपुस्तक होतं. डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने कसे टिपायचे, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा फरक कसा ओळखायचा, हे सगळं त्यात सविस्तर होतं. अहवालाच्या कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या एका आकड्याला मात्र दोनच ओळी दिल्या होत्या. चित्र किती स्पष्ट आलं, हे तो आकडा दहापैकी सांगतो. डोळ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

अमरावतीत लोक तेवढाच आकडा वाचतात.

नत्थुजी सरांनी तर अहवाल हातात पडायच्या आधीच वाचला, प्रिंटरमधून कागद बाहेर येत असताना, मान वाकडी करून. सर नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. मलाही भूमिती त्यांनीच शिकवली. उत्तर बरोबर असलं तरी रेघ वाकडी दिसली की ते एक गुण कापायचे.

"दीपमाला, सहा?"

"सर, तो डोळ्याचा आकडा नाही, चित्राचा..."

"मोतीरामजीले नऊ भेटले अकोल्यात. अन् थे बी जुन्या मशीनवर!"

मोतीरामजी म्हणजे सरांचे व्याही, मुलीचे सासरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी आपला अहवाल सगळ्या नातलगांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, नऊभोवती लाल गोल काढून.

मी सरांना चित्र दाखवलं. डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली, अगदी मधोमध, एक काळा फुगवटा होता. चित्र जरा धूसर होतं, तरी तो लपत नव्हता. डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी समजावलं: पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत, त्यांतून पाणी झिरपतंय. काही महिने दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. लगेच सुरू केलं तर नजर राखता येईल. थांबलं तर त्या डोळ्याची मधली नजर जाईल, आणि ती परत आणणं आपल्या हातात नाही.

"मॅडम," सर म्हणाले, "सहा गुणांच्या चित्रावर भरोसा ठेवून मी डोळ्यात सुई कावून खुपसून घेऊ?"

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांचा डोळा कोरडा होता आणि तपासणी चालू असताना ते सारखे पापण्या मिचकावत होते. मी थेंब घातले, पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि पुन्हा टिपलं.

"पेपर फेरतपासणीले टाकला म्हना की," बाकावरून त्यांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या.

नऊ आले. फुगवट्याची कड आता इतकी स्वच्छ दिसत होती की मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

सर मात्र उठून उभे राहिले. "पाहा! नऊ! आता कायची सुई?"

सहा होते तेव्हा चित्र चूक होतं. नऊ झाल्यावर डोळा पास झाला. हा तर्क कुठे चुकतो ते मी सांगायला घेतलं. तोवर सरांनी अहवालाचा फोटो अकोल्याला पाठवलाही होता. लगेच फोन आला. सरांनी तो अभिमानाने स्पीकरवर टाकला.

"काय मास्तर, नऊ म्हने?"

"हो. नव्या मशीनवर."

"पयल्याच फेरीत का दुसऱ्या?"

सर स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

"कॉपी तं नाई केली ना, इवाई?"

सरांनी फोन ठेवला. सुभद्राबाईंनी पदर सावरला.

"नऊ घ्या नाई तं नव्वद घ्या," त्या मला म्हणाल्या. "घरी दरवाज्याच्या दोन नव्या चौकटी आनल्या, एक बसवली, बाई. हे म्हनते, वाकडी हाय. मिस्त्रीनं ओळंबा लावून दाखवला. तं म्हनते, ओळंबाच वाकडा हाय! दोरीले वजन बांधलेलं, थे वाकडं कसं राहीन? भांडून भांडून तो बिचारा दुसरी चौकट अंगनात टाकून निंगून गेला."

"सुभद्रा, इथं दवाखान्याचं बोलू."

"दवाखान्याचंच बोलून राहिली मी."

मी टेबलाच्या खणातून आमचा तपासणीचा कागद काढून सरांसमोर ठेवला. आलेखाच्या कागदासारख्या चौकटी आणि मध्ये एक ठिपका. चष्मा राहू द्यायला सांगितलं, उजवा डोळा झाकायला लावला. "ठिपक्याकडे पाहा, सर. रेघा कशा आहेत?"

"छपाई खराब हाय."

मी माझी स्टीलची पट्टी पुढे केली. त्यांनी ती सवयीच्या हाताने रेघेला लावली, मान थोडी मागे घेतली.

"तुही पट्टी वाकली, पोरी."

"आता दुसरा डोळा झाका, सर."

त्यांनी हात बदलला. बराच वेळ पाहिलं. पुन्हा बदलला, मग आणखी एकदा.

"उजव्यानं सरळ," सर हळू म्हणाले, फळ्यासमोर उभं राहून सिद्धता मांडावी तसे. "डाव्यानं वाकडी. पट्टी तर तीच आहे. म्हणून..."

पुढची पायरी त्यांनी मांडली नाही. पट्टी माझ्यासमोर ठेवली.

"मग हे नऊ कायचे भेटले मले?"

"तुम्ही पापणी न हलवता बसलात, त्याचे."

त्यांनी संमतीपत्र मागितलं. ते मात्र सगळं वाचलं, दोनदा. सही करताना उजवा डोळा पुन्हा हाताने झाकला.

"रेघेवर आली का?"

"थोडी खाली उतरली, सर."

"एक गुण काप," ते म्हणाले आणि इंजेक्शन आजच देता येईल का, असं मॅडमना विचारू लागले.

बाहेर व्हरांड्यात सुभद्राबाईंनी फोन लावला होता. "मिस्त्रीदादा, चौकट सरळच हाय म्हनते. हो, तेच म्हनते. सकाळी या अन् दुसरी बसवून टाका. काई बोलनार नाईत थे, मी हाय ना."