पहिलं कोण आलं?

त्या घरात सरळ चालत कुणी जायचंच नाही. दात घासायला, दूध आणायला, हरवलेली चप्पल शोधायला, जिथे तिथे शर्यत. लिफ्टपासून घराच्या दारापर्यंतची लांबलचक गॅलरी तर दोन्ही पोरांचं हक्काचं मैदान होतं. शेजाऱ्यांनी कुरकुर करून करून शेवटी नाद सोडला होता. लिफ्ट उघडली की दोघं सुसाट सुटायची, दारावर थाप पडायची, आणि आत आई शिलाई मशीन थांबवून विचारायची, "पहिलं कोण आलं?"

"मी!" हे उत्तर कायम धाकट्याचं. त्याला घरात शेठ म्हणायचे, कारण आजारातून उठल्यापासून त्याचा थाटच तसा होता. लहानपणी छातीच्या दुखण्यानं तो अंथरुणाला खिळला होता. दुखणं गेलं, तरी पोरगं उठायला धजेना. डॉक्टर म्हणाले, त्याला हसवा, पळवा. तेव्हा बापानं युक्ती काढली. थोरल्या भिंगरीला बाजूला घेऊन सांगितलं, की तू मोठी ना, मग दाराशी आलीस की त्याला पुढे जाऊ दे, पण त्याला कळता कामा नये.

युक्ती लागू पडली. जिंकायच्या हावेपायी शेठ उठला, धावला, अंगानं भरला, आणि पुढे पुढे कुणाला ऐकेनासा झाला. पण नियम तसाच राहिला. मोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. भिंगरीनं त्यात असा हात बसवला होता, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. शेवटपर्यंत पुढे राहायची, मागून "ताई, आलो!" अशी शेठची आरोळी आली की मान वळवायची, पाय सैल सोडायचे, आणि वीतभर अंतरानं हरायची. बाप लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. कामावरच्या जोडीदारांना तो कौतुकानं सांगायचा, की मजला आल्यावर लिफ्टसुद्धा माझ्या पोरीइतकी अलगद थांबत नाही.

भिंगरीला पळण्यापलीकडे काही सुचायचं नाही. त्यामुळे खेळाच्या निवासी शाळेची निवड चाचणी आली, तेव्हा तिची झोप उडाली. पहिल्या दोघींना घेणार होते, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. तिनं आधी आईला विचारलं, मग बापाला विचारलं, मग जोडे उशाशी घेऊन झोपायला लागली. ती निवडली जाईल याबद्दल बापाला तिळमात्र शंका नव्हती. आईला गणवेश शिवून द्यायचे होते, म्हणून ती घरी राहिली. पोरगी जिंकली की मला आधी सांगा, एवढंच तिनं बजावलं.

बाप दोघांना घेऊन मैदानावर गेला. शेठला नीट दिसावं म्हणून त्यानं शेवटच्या रेषेजवळचं कुंपण धरलं. भल्यासाठीच धरलं. शिट्टी वाजली आणि भिंगरी अशी सुटली, की बाकीच्या पोरी मागे पडत गेल्या. बापाचा ऊर भरून आला. तिला असं, कुणासाठी हात राखून न ठेवता पळताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रेषा आता हाकेवर आली होती. तेवढ्यात शेठला राहवलं नाही. बापाचा हात सोडून तो कुंपणाबाहेरून तिच्या बाजूनं धावत सुटला, आणि जीव खाऊन ओरडला, "ताई, आलो!"

भिंगरीनं मान वळवली. पाय सैल पडले. बापाला ते तिच्याआधी कळलं, कारण ती लकब त्याच्या रोजच्या ओळखीची होती. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर तीन पोरी तिच्या शेजारून निघून गेल्या होत्या.

बाप निवड करणाऱ्या सरांकडे धावला. घरचं सगळं सांगायला लागला, आजार, गॅलरी, दार, आणि सांगता सांगताच त्याला ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पळते छान," ते म्हणाले. "पण ऐन वेळी कच खाते. आणि अशा पोरी मी पुष्कळ पाहिल्यात, ते जात नाही."

पोरगी कच खात नव्हती. तिला खायला लावली होती. जित्याची खोड म्हणतात ती हीच, पण ही तिची नव्हती, बापानं हातानं लावलेली होती. त्याला स्वतःचीच किळस आली.

घरी येताना भिंगरी रडली नाही. ती रडली असती तर बापाला बरं वाटलं असतं. शेठ मात्र गप्प बसेना.

"ताई, मागे का बघितलंस? मी तर कुंपणाबाहेर होतो."

तिनं नुसता त्याचा हात धरला. लिफ्टमध्ये शेठचा चेहरा उतरला. आपलं काहीतरी चुकलं हे त्याला जाणवलं असावं. ताईला हसवायचा त्याला एकच उपाय ठाऊक होता.

"चल ताई, दारापर्यंत."

बाप भिंगरीच्या कानाशी वाकला. "आज सोडू नकोस त्याला. पूर्ण पळ. रडला तर रडू दे."

तिनं मान डोलावली. लिफ्ट उघडली आणि दोघं सुटली. ती मैदानावर पळाली होती तशीच पळाली, दात ओठ खाऊन. बाप मागे उभा राहून मनातल्या मनात तिला ढकलत होता. दार जवळ आलं. शेठ ओरडला. तिची मान वळली, पाय सैल पडले, आणि दारावर शेठची थाप पडली.

बाप जवळ गेला, तेव्हा ती भिंतीला टेकून स्वतःच्या जोड्यांकडे बघत होती.

"मी पळतच होते, बाबा," ती हलकेच म्हणाली. "पायच थांबतात."

आत शिलाई मशीन थांबलं. आई सकाळपासून याच थापेची वाट बघत होती. ती धावतच दाराशी आल्याचं बाहेर ऐकू आलं.

"पहिलं कोण आलं?" तिनं आतूनच विचारलं.

"मी," शेठ म्हणाला.