पाळण्यासाठी खोली

नोरबीबीने उशीचा अभ्रा उलटा करून नाकाशी नेला. दोनदा हुंगला. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली, पलंगाखाली बोटं फिरवली आणि ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. धूळ नव्हती. तिला जरा वाईटच वाटलं. धूळ सापडली असती तर भाव पाडता आला असता.

"झाली का झडती?" दारात उभ्या खोलमतने विचारलं. हा तिचा थोरला. पहाटे अंधारात बायसूनहून निघाल्यापासून गाडी चालवून त्याचे डोळे लालभडक झाले होते. "हे तिसरं हॉटेल आहे, आई. ताश्कंदमध्ये आता सरकारी पाहुण्यांचं विश्रामगृह तेवढं राहिलंय बघायचं."

"तू बोलूच नकोस. पहिल्या ठिकाणी काय, तर काचेची लिफ्ट. त्यात पाळणा उभा करून नेला असता म्हणजे अख्ख्या शहराने बघितला असता. आणि दुसऱ्या ठिकाणी त्या लाल दिव्याखाली पाय पसरून बसलेल्या बायका! तिथे तुझ्या बायको-मुलीला घेऊन झोपायचं?"

"मोबाइलवर चार चांदण्या होत्या त्याला."

"चांदण्या मोजून हॉटेल निवडतोस? मग आभाळाखालीच झोपलो असतो की. फुकटात."

खोलमतने हात जोडले आणि बाहेर पाळणा सोडायला गेला. गाडीच्या टपावर, जुन्या रजईत गुंडाळून, तो पाळणा दिवसभर डोंगर आणि वाळवंट पार करून आला होता. रस्त्यावर तो एक क्षणही एकटा ठेवायला नोरबीबी तयार नव्हती. दोघांनी मिळून तो आत आणला तेव्हा ती पावलोपावली ओरडत होती, "हळू! डोलवू नकोस रे! रिकामा डोलला तर पोराला बाधतं."

काउंटरवरची मुलगी सूर्यफुलाच्या बिया सोलता सोलता थांबली.

"मावशी, बाळाचा जन्मदाखला लागेल हं. लहान मुलांचाही लिहून घ्यावा लागतो."

"बाळ नाही त्यात," नोरबीबी म्हणाली, "भाकर आहे."

मुलीने मान लांब करून पाहिलं. रजईच्या फटीतून गोल, तिळाने मढलेली भाकर खरंच दिसत होती. पाळणा अगदीच रिकामा राहू नये म्हणून नोरबीबीने ती घरून निघताना आत निजवली होती, वर दुपटंही घातलं होतं.

"भाकरीला दाखला लागत असेल तर माझ्या तंदूरला विचार," ती म्हणाली, आणि ती मुलगी हसली. हसली म्हणून नोरबीबीला ती जागा पहिल्यांदा आवडली. खोली तळमजल्यावरची, अंगणाकडे उघडणारी. अंगणात बिहीचं झाड, झाडाखाली खाट, खाटेवर किटली. भाडं ऐकून खोलमतचा चेहराही सैल झाला होता. पासपोर्ट सुनेकडे, साओदतकडे, गाडीत होते. गाडी मागच्या फाटकाने अंगणात घेऊन सगळ्यांना उतरवून आणतो म्हणून खोलमत गेला आणि नोरबीबी पाळण्यापाशी एकटी राहिली.

पाळणा तिने पलंगालगतच्या गालिच्यावर ठेवला. त्याचे खालचे दोन वाकडे पाय त्या मऊ गालिच्यात चांगले रुतले. उद्या लेकीच्या, ओयदिनच्या, बाळाला चाळीस दिवस पुरे होत होते आणि सकाळी हाच पाळणा तिच्या सासरी जायचा होता. पाळणा आईच्या आईने आणायचा. वाजतगाजत, दारात मिठाई उधळत, सकाळच्या उन्हात. आदल्या संध्याकाळी बोचक्यांसोबत येऊन कोपऱ्यात पडलेला पाळणा म्हणजे पाळणा नव्हे, सामान.

म्हणूनच तिने विहीणबाईंना फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "आमची काळजी नको. माझा भाऊ असतो ताश्कंदला. त्याच्याकडे उतरू."

भाऊ होता. पण तो बायसूनच्या डोंगरात मेंढ्या राखायचा, आणि ताश्कंद त्याने टीव्हीवर पाहिलं होतं.

पाळण्याचं कारण खरं होतं. पण दुसरं एक होतं, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. लग्नात ही मंडळी तीन चकचकीत गाड्यांतून आली होती. विहीणबाईंचं नाव क्लारा. आता हे काय बाईमाणसाचं नाव? उंच टाचांचे बूट, सोनेरी रंगवलेले केस, आणि दिवसभरात बोलली ती मोजून दोन वाक्यं. नोरबीबीच्या अंगणातल्या मातीत त्या टाचा रुतत होत्या आणि प्रत्येक वेळी बाई आपल्या घराचं मोल करतेय असं नोरबीबीला वाटत होतं. त्या बाईच्या घरात, तिच्या गाद्यांवर निजून, सकाळी तिच्या नळाखाली तोंड धुवायचं? त्यापेक्षा गाडीत बसून रात्र काढलेली बरी.

आणि ओयदिन. वर्ष झालं, फोनवर एकच ऐकू यायचं: "सगळं छान आहे, आई." एकदाही कुरकुर नाही. ज्या लेकीची सासरबद्दल एकही तक्रार नसते तिच्या आईला झोप कशी यावी?

पण हॉटेलात उतरलोय हे विहिणीला कळलं असतं तर आणखी वाईट. मुलीच्या आईला आमचं घर चाललं नाही, असा बोभाटा झाला असता आणि तो त्या नातवाच्या लग्नापर्यंत पुरला असता. बोलून दाखवलं असतं ते ओयदिनला. म्हणून सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

"मुली, एक खोली बघायची होती. खालचीच हवी."

आवाज काउंटरकडून आला. नोरबीबीचा हात दुपट्यावरच थबकला. दोनच वाक्यं ऐकली होती तिने त्या बाईची, पण तो आवाज तिच्या कानात पक्का बसला होता.

दार पुरतं लागलेलं नव्हतं. फटीतून तिला आधी पाय दिसले. टाचांचे बूट नव्हते. पायमोज्यांवर घरातल्या सपाता. मग बाही, तिला लागलेलं पीठ. मग केस. मुळाशी चांगले दोन बोटं पांढरे.

"खालची एकच आहे, क्लारामावशी," मुलगी म्हणाली. "पण ती आता बहुतेक…"

"गुडघ्याचा त्रास आहे त्यांना. सून सांगत होती. जिना नको."

"कुणाला?"

"माझ्या विहीणबाईंना. पाळणा घेऊन येतायत, बायसूनहून."

बियांची टरफलं पडायचा आवाज थांबला. नोरबीबीने पाळण्याच्या वरच्या दांडीवर तळहात दाबून धरला. दांडीला तिनेच बांधलेले घुंगरू होते.

"मग तुमच्याकडे नाही का उतरणार?" मुलीने जपून विचारलं.

"कुठे उतरवू गं? तुला माहीत आहे की आमचं घर. दोन खोल्या. आतली ओयदिनला आणि बाळाला दिलीय, खिडकीची, ऊन येतं म्हणून. मुलगा बाहेरच्या खोलीत. आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकघरात अंथरतो. रात्री पाणी प्यायला उठलं की हे माझ्या डोक्याला अडखळतात." ती हसली, पण हसू मध्येच तुटलं. "आणि तिकडे त्यांचं अंगण बघितलंस तर! सात खोल्या, पन्नास माणसं जेवायला बसली तरी जागा उरते. लग्नात मी तोंडच उघडलं नाही दिवसभर. काय बोलणार? गाड्यासुद्धा यांच्या साहेबांकडून मागून आणलेल्या."

"पण त्यांचे कुणी भाऊ आहेत ना इथे? तुम्हीच म्हणाला होतात."

"भाऊ कसला! ओयदिनच्या तोंडून निसटलं, मामा मेंढ्या राखतात म्हणून. बाई मोठ्या मनाची आहे. आमच्या घरात जागा नाही हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, मला अवघडायला नको म्हणून भावाचं नाव पुढे केलं. आता ते लोक रात्री कुठे पडणार, गाडीत? माझ्या जिवाला चैन नाही सकाळपासून."

आत, मोठ्या मनाच्या बाईने खाली मान घातली. तिचे कान लहान पोरीसारखे तापले होते.

"मग खोली ठेवू का?" मुलगी म्हणाली. तिची नजर त्या अर्धवट दाराकडे वळली आणि घाईने परत फिरली.

"ठेवून सांगू कशी त्यांना? हॉटेलात जा म्हणू? पाहुण्यांना दारातून वाटेला लावलं म्हणतील. ओयदिनची मान खाली जाईल." क्लाराने सुस्कारा सोडला. "बघते. यांना विचारते. बंबात पाणी तापत ठेवून आलेय, जाते मी."

सपाता फटफटत दूर गेल्या.

नोरबीबी पलंगाच्या कडेला बसली. खिडकीची खोली, ती मनाशी म्हणाली. ऊन येतं. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग उगीचच उशीचा अभ्रा नीट केला. सगळं छान आहे, असं पोरगी म्हणत होती ते खरंच छान होतं. नुसतं, सासू-सासरे स्वयंपाकघरात निजतात हे आईला सांगण्यासारखं नव्हतं, इतकंच.

ती बाहेर आली. मुलगी तिच्याकडे न बघता फळ्यावरच्या किल्ल्या सारख्या करत होती.

"तुला काही ऐकू आलं का?" नोरबीबीने विचारलं.

"मला? नाही बाई. मी बिया सोलत होते."

"शहाणी आहेस. तुझ्या सासूचं नशीब थोर."

तिने पिशवीतून फोन काढला. नंबर लावायला तिला नेहमी नात लागायची, पण क्लाराच्या नावापुढे तिने विहिरीचं चित्र लावून घेतलं होतं, खोल आणि गार म्हणून. विहिरीवर बोट दाबलं.

"विहीणबाई! कशा आहात? तब्येत बरी? व्याहीबुवा बरे? आमचा राजा दूध पितो ना नीट? झोपतो ना? थंडी नाही ना वाजत त्याला?… आम्ही पोचलो हो, सुखरूप. पण काय सांगू, फजिती झाली. भावाच्या दाराला कुलूप. बायकोला घेऊन आजारी सासऱ्याकडे गेलाय, शेजारी म्हणतात. आता पाळणा घेऊन रस्त्यावर उभे. तुमच्याकडे यायचं तर पाळणा आदल्या दिवशी घरात येऊन चालत नाही, आमच्या गावची रीत मोठी वाईट. तुम्ही इथल्या जाणत्या. जवळपास एखादं स्वच्छ, परवडेलसं ठिकाण तुमच्या माहितीत असलं तर बघा. तुमच्यावर भार टाकायला लाज वाटते मला, पण दुसरं आहे कोण?"

आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जीभ कशीबशी शेवटपर्यंत चालली.

 

"आहे ना!" क्लारा जवळजवळ ओरडलीच. "आहे एक, अगदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी! तुम्ही कुठे उभ्या आहात? बाजारापाशी? तिथेच थांबा, मी पुढे होऊन सांगून ठेवते!"

खोलमत दोन्ही हातांत बोचकी घेऊन मागच्या दाराने आत आला.

"उतरवू ना सगळ्यांना?"

"पाळणा परत टपावर बांध."

"का? खोली पसंत नाही?"

"पसंत आहे. म्हणूनच."

खोलमतने बोचकी खाली ठेवली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत उचलली. गाडीत तिचा नवरा एशमुराद नातीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानेही काही विचारलं नाही. नोरबीबीच्या संसारात तो हे एक पक्कं शिकला होता. गाडी बाजाराला एक फेरी घालून आली. वाटेत नोरबीबीने एक मोठं कलिंगड घेतलं, आणि घासाघीस केली नाही. सून साओदत घाबरून सासूच्या कपाळाला हात लावून बघणार होती.

हॉटेलच्या दारात क्लारा उभी होती. सपाता बदलून टाचांचे बूट घातले होते, पण बाहीवरचं पीठ तसंच होतं. दोघी गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या आणि खूप वेळ एकमेकींची पाठ थोपटत राहिल्या.

"या मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पहिल्यांदाच येताय ना आमच्याकडे?"

"पहिल्यांदाच," नोरबीबी म्हणाली. "ताश्कंदलाच पहिल्यांदा. तुला बाळाचा दाखला हवा असेल तर आधीच सांगते, आत भाकर आहे."

मुलगी वहीत तोंड खुपसून बराच वेळ खोकत राहिली.

क्लारा पुढे होऊन खोली दाखवायला लागली. ही खिडकी, हे अंगण, गरम पाणी सकाळपर्यंत, जिना चढायला नको. नोरबीबी प्रत्येक गोष्टीला आश्चर्याने मान डोलवत होती. शेवटी तिने उशी उचलली, अभ्रा हुंगला आणि म्हणाली, "तुमची निवड, विहीणबाई. मला शोधून अशी सापडली नसती."

खोलमत आणि एशमुराद पाळणा घेऊन आत आले. कुठे ठेवायचा म्हणून घोटाळले. क्लारा जागा करायला पलंगालगत सरकली आणि खाली बघता बघता थांबली. गालिच्यावर दोन लांबट, वाकड्या खाचा होत्या, शेजारी शेजारी. ताज्या. एका खाचेत तिळाचे दोन दाणे पडले होते.

नोरबीबीने खिडकीतून बिहीच्या झाडाकडे पाहिलं. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

क्लारा वाकली. दाणे तिने बोटाच्या टोकावर टिपून घेतले, आणि अन्नाचा कण जसा टाकत नाहीत तसे जिभेवर ठेवले.

"इथेच ठेवा," ती पुरुषांना म्हणाली, "इथे बरोबर बसेल." आणि पाळणा टेकताना डोलू नये म्हणून तिने एका बाजूने दांडी धरली. दुसऱ्या बाजूने नोरबीबीने धरलीच होती.