छत्री दिल्यानंतरची बावीस सेकंदं

"हे एवढं काढून टाक मां," माधवराव आपल्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाले आणि त्यांनी मॉनिटरवर बोट ठेवलं. बोटाखाली त्यांची स्वतःचीच पाठ होती.

रुचिराचा माउसवरचा हात तसाच राहिला. "काका, हाच शॉट तर सगळ्यांना आवडलाय."

"आवडण्याला मार्क देत नाहीत. मॅडम काल काय विचारले? ह्या चालण्याचं फंक्शन काय? तुला सांगाला आलं?"

"नाही आलं."

"मग कसाला ठेवते? दात्याचं काम छत्री दिलं की संपलं. पुढं त्याचा शॉट नाही. थिअरी तसंच आहे."

ही थिअरी माधवरावांना कुणी शिकवलेली नव्हती, पण ती त्यांच्याइतकी त्या इमारतीत कुणालाच येत नसेल. तमिळ मुलुखातल्या एग्मोरच्या त्या कॉलेजात, व्हिसकॉम म्हणजे व्हिडिओ करायला शिकवणाऱ्या विभागाच्या सामानखोलीत ते चोवीस वर्षं अटेंडंट होते. कॅमेरे, ट्रायपॉड, टेपा काढून द्यायच्या, मोडतोड न होता परत घ्यायच्या आणि तास असला की वर्गाच्या मागच्या बाजूला प्रोजेक्टर लावून उभं राहायचं. पोरं तीन वर्षांत पास होऊन निघून जात. माधवराव त्याच वर्गात राहत. गोष्टीची सुरुवातीला घडी बसलेली असते, मग ती मोडते, शेवटी नवी घडी बसते, हे त्यांनी चोवीस वेळा ऐकलं होतं. कुणा रशियन पंडितानं शंभर लोककथा चाळून त्यातून सात प्रकारची माणसं काढली, नायक, खलनायक, मदतनीस, दाता वगैरे, हेही त्यांना पाठ होतं. नवीन लेक्चरर एखादं नाव विसरला तर ते प्रोजेक्टरमागून हळूच पुरवत, आणि लेक्चरर आपल्यालाच आठवल्यासारखं करून पुढे जाई.

पोरांच्या व्हिडिओत म्हातारा लागला की माधवराव ठरलेले. ते पोस्टमन झाले, वॉचमन झाले, एकदा तर प्रेत झाले आणि डास चावत असतानाही हलले नाहीत. बहुतेक वेळा मात्र ते काहीतरी द्यायचे. पत्र, किल्ली, पाण्याचा पेला. दिलं की दोन सेकंदांत पडद्याबाहेर. त्यात अपमान वाटण्यासारखं त्यांना काही दिसत नसे. खऱ्या आयुष्यातही त्यांचं काम देण्याचंच होतं.

रुचिराच्या म्युझिक व्हिडिओतही तेच. तिच्या मैत्रिणींनी बसवलेलं पावणेचार मिनिटांचं गाणं होतं. एक मुलगी नव्या शहरात हातात पत्ता घेऊन भर उन्हात घर शोधत फिरते. कूवम नदीच्या पुलावर एक म्हातारा तिला आपली छत्री देतो. ती पुढे जाते, घर सापडतं, दार उघडतं. छत्री माधवरावांची स्वतःचीच होती, लाकडी मुठीची, काळी.

ती देऊन झाली, रुचिरानं "कट" म्हटलं, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. उरलेले शॉट दुसऱ्या दिवशी घ्यायचे होते आणि त्यांत छत्री लागणार होती. माधवरावांनी छत्री रुचिराकडेच राहू दिली. रुमालाला चार गाठी मारून त्यांनी तो डोक्यावर बसवला आणि ते पुलावरून चिंताद्रिपेटच्या दिशेनं घरी निघाले. कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. त्यामुळे टेपेवर बावीस सेकंदं ते उतरले, पाठमोरे, एकटे, पुलाच्या पार टोकापर्यंत.

तो अभिनय नव्हता. ते घरी चालले होते एवढंच.

एडिटिंगच्या वेळी रुचिरानं ते दार उघडल्यानंतर, अगदी शेवटी जोडलं, तेव्हा माधवरावांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपले वडील चाललेत. डावा खांदा तसाच उतरता, पाऊल तसंच जरा फेकून टाकलेलं. आवाज नीट ऐकायचाय असं खोटंच सांगून त्यांनी तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर चपला काढता काढता त्यांनी बायकोला सांगितलं, "राजस, ह्या खेपेला शेवटी मी एकटाच आहे. अस्का, पुरा पडदाभर. शनिवारी दाखवतात. तू ये."

राजसबाईंनी चोवीस वर्षांत कॉलेज पाहिलं नव्हतं. महिनाअखेरीला माधवराव रिटायर होणार होते. म्हणजे हा शेवटचाच शो. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांची रेशमी साडी गच्चीवर वाऱ्याला पडली.

आणि आता माधवराव स्वतःच म्हणत होते, काढून टाक.

रुचिराची गोष्ट सरळ होती. ती मूळची पुण्याची, वडील इरुंगाट्टुकोट्टैच्या मोटारींच्या कारखान्यात. मागच्या वर्षी थिअरीत ती नापास झाली होती आणि ह्या वेळी पुन्हा गेली तर कॉलेज सोडून बी.कॉम. करायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. तिचं वर्ष वाचवायचं आपल्या हातात आहे, असं माधवरावांना मनापासून वाटलं. त्यात थोडा ताठाही होता, नाही असं नाही. इतकी वर्षं मागं उभं राहून ऐकलेलं ज्ञान पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होतं.

"काढू?" रुचिरानं विचारलं.

"काढ."

तिनं कळ दाबली.

पुढचं काम तर माधवरावांचंच होतं. विभागात कॉम्प्युटर एकच, त्यात जागा कमी. व्हिडिओ पुरा झाला की कच्चा माल पुसायचा आणि शूटिंगची टेप पुढच्या पोरांसाठी कोरी करायची, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. कॅमेऱ्यात टेप घालून, भिंगावर झाकण ठेवून, लाल बटण दाबायचं. तासाभरात सगळं काळं. त्या दिवशी तो तासभर माधवराव कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून राहिले. एरवी ते अशा वेळी डबा खात.

घरी मात्र त्यांना सांगवलं नाही. साडीला इस्त्री झाली होती.

शनिवारी अकराला राजसबाई ऑटोतून उतरल्या. केसांत मोगरा, हातात पाण्याची बाटली. माधवरावांनी त्यांना वर्गात शेवटच्या बाकावर, प्रोजेक्टरच्या अगदी जवळ बसवलं. पुढे परीक्षक म्हणून विजयालक्ष्मी मॅडम, त्यांच्यापुढे पोरांनी आपापल्या व्हिडिओवर लिहिलेल्या निबंधांचा गठ्ठा. प्रत्येक व्हिडिओनंतर प्रश्न विचारायची पद्धत होती.

रुचिराची टेप लागली. मुलगी उन्हात फिरली. पूल आला. म्हातारा आला, छत्री दिली, आणि राजसबाई ताठ बसल्या. मग मुलगी पुढे गेली, गल्ल्या आल्या, घर आलं, दार उघडलं, पडदा काळा झाला. टाळ्या वाजल्या.

राजसबाई वाट बघत होत्या. पडदा काळाच राहिला तेव्हा त्या स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "अय्यो, ही आपली कुडै! हरवली म्हणून मी त्या दिवशी किती बोलली तुमाला! डोकं धरून आलेते, दोन दिवस पडून होते, ते ह्याच्यासाठी होय? ती पोर गेली कुडै घेऊन. मग तुमी तसल्या वेयिलात घरी कसं आले? ते नाही दाखवत?"

वर्गात ते मराठी कळणारी आणखी दोनच माणसं होती, माधवराव आणि रुचिरा.

मॅडम वळल्या. "काय म्हणतायत त्या, मिस्टर राव?"

"काही नाही मॅडम," माधवराव तमिळमध्ये म्हणाले. "प्यायचं पाणी कुठं मिळेल, विचारते."

पोरं हसली. राजसबाईंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. माधवरावांनी त्यांची नजर चुकवून पुढची टेप उचलली.

"नाही मॅडम." रुचिरा उभी राहिली होती. "त्या विचारतायत, छत्री मुलीला देऊन टाकली, मग तो माणूस उन्हातून घरी कसा गेला?"

मॅडमनी गठ्ठ्यातून तिचा निबंध काढला, एक पान उलटलं. "तू लिहिलंयस की छत्री दिल्यावर त्याचं काम संपतं, म्हणून तो शॉट काढला. हे कुणी ठरवलं?"

"मीच, मॅडम."

"मी सांगितलं तिला," माधवराव प्रोजेक्टरमागून म्हणाले. चोवीस वर्षांत त्या वर्गात ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होते. "थिअरी तसं आहे म्हणून."

"मिस्टर राव, मी 'फंक्शन काय' असं विचारलं होतं. काढायला नव्हतं सांगितलं. तो प्रश्न होता." मॅडम रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळेच माधवरावांना जास्त लागलं. "शॉट कुठे आहे?"

"पुसला."

"कुणी?"

"मीच. नियम आहे."

मॅडमनी निबंध रुचिराला परत दिला. "सोमवारपर्यंत ह्या बाईंच्या एका प्रश्नावर दोन पानं लिहून आण. शॉट नाही म्हणून सबब नको. मार्कांचं मग बघू."

बाकीच्या टेपा झाल्या. माधवरावांनी प्रोजेक्टर गार होऊ दिला, सामानखोलीला कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात दिली. राजसबाई फाटकाजवळ उभ्या होत्या. एवढ्यात रुचिरा धावत आली. हातात ती छत्री.

"काका, सॉरी. ही आधीच द्यायला हवी होती." तिला धाप लागली होती. "आपण परत शूट करूया का? आत्ता? पूल जवळच आहे. ऊनही तसंच आहे. मी कॅमेरा घेऊन येते."

माधवराव हसले. "कॅमेरा कोण देईल मां तुला? देणारा तर घरी चालला."

रुचिराचे डोळे भरून आले. तिनं वाकून दोघांनाही नमस्कार केला. राजसबाईंनी केसांतल्या गजऱ्याचा एक तुकडा तोडून तिच्या हातावर ठेवला.

"ऑटो बघू?" माधवरावांनी विचारलं.

"नक्को. तुमी येता तसंच जाऊं. मी विचारले ते तुमी अजून सांगितले नाही."

माधवरावांनी छत्री उघडून त्यांच्या हातात दिली. स्वतः खिशातून रुमाल काढला, चार गाठी मारल्या, डोक्यावर बसवला. दोघं निघाली. फाटकापाशी रुचिरा उभीच होती, हातात गजऱ्याचा तुकडा घेऊन. माधवरावांनी मागं वळून पाहिलं नाही. शूटिंगच्या त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पुलावर डांबर मऊ झालं होतं. खाली कूवमचा वास. निम्मा पूल ओलांडल्यावर माधवराव म्हणाले, "असंच आलो बघ."

राजसबाईंनी छत्री जरा मागं करून पुढचा रस्ता पाहिला. पुलाचं टोक, त्यापुढचा सिग्नल, त्याही पुढे उन्हात पांढरी पडलेली चिंताद्रिपेटची वाट.

"एवढं लांब?" त्या म्हणाल्या.

माधवरावांनी त्यांच्यासाठी पावलं आखडती घेतली.