आईची साक्ष

आईला काचबिंदू होता. हा आजार मोठा लबाड. आधी बाजूचं दिसणं खातो आणि समोरचं शेवटपर्यंत शिल्लक ठेवतो. आई दाराच्या चौकटीला धडकायची, उपासनेच्या हॉलमध्ये बाकांना अडखळायची, पण पान नाकासमोर धरलं की घडाघडा वाचायची. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते, मला हे ठाऊक होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक मात्र तिला आंधळीच समजायचे.

माझा धाकटा भाऊ त्या मंडळीचा पाळक, म्हणजे उपासना चालवणारा धर्मगुरू. अभ्यासू, बोलायला गोड, पण हॉल कायम ओस. तो जीव तोडून सांगायचा, शुभवर्तमानातली चिन्हं, म्हणजे येशूचे चमत्कार, हे जादूचे खेळ नव्हेत. येशू कोण आहे ते कळावं म्हणून ती आहेत. त्याने हजारोंना वाटलेल्या भाकरीने पोट भरलं एवढंच लक्षात राहिलं, तर चिन्ह वाया गेलं. ऐकायला पुढे आई आणि मी, मागे पेंगणारे चारदोन म्हातारे.

मग बाहेरगावचा एक प्रचारक आला. येशूने जन्मांधाला केलं होतं तशी त्याने माती भिजवून आईच्या डोळ्यांना लावली, डोळे धुवायला लावले आणि तिच्या हातात बायबल दिलं. "वाचा, आई." आईने वाचलं. हॉल दणाणून गेला. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. "अहो, ती कालही वाचत होती," असं मी ओरडून सांगत होते, पण ऐकतंय कोण! आईही रडत होती. तिला ते खरंच वाटलं होतं.

त्या दिवसापासून तिने डोळ्यांत थेंब घालणं बंद केलं. मी बाटली घेऊन गेले की तोंड फिरवायची.

"प्रभूने एवढं दिल्यावर औषध घालू? त्याच्यावर संशय घेऊ?"

"अगं आई, उरलीसुरली नजरही जाईल."

"तू गप्प बस. तुझ्या भावाचा हॉल भरतोय, ते बघ जरा."

भरत होता हे खरं. आमच्याकडे ज्याला काही मिळालं तो उभा राहून साक्ष देतो आणि खाली बसतो. आईला मात्र दर रविवारी उभं करू लागले. लोक लांबून यायचे, बाक पुरायचे नाहीत. शेवटी मी भावाला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिला काहीही झालेलं नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"ताई, लोक येताहेत. येऊ देत. मग मी समजावीन."

"त्या जन्मांधाच्या गोष्टीत शेवटी आंधळं कोण ठरलं, हे तूच शिकवलंस ना? आपल्याला सगळं दिसतं म्हणणारे! तिला थेंब घालायला सांग. ती फक्त तुझं ऐकेल."

तो कप विसळत राहिला. "हा रविवार होऊ दे," म्हणाला. तो कप त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

रविवारी आईचे दोन्ही डोळे लालभडक होते, डोकं ठणकत होतं. विचारलं तर म्हणाली, झोप झाली नाही. भावाने हात धरून तिला पुढे नेलं. भर सकाळ, खिडक्या उघड्या, ऊन थेट तिच्या पुस्तकावर पडलेलं. तिने स्तोत्राच्या दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"दिवे गेले का रे?"

मी उठून उभी राहिले. भावाने माझ्याकडे पाहिलं, आणि आता तरी हा बोलेल अशी मला आशा वाटली, खरंच वाटली. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो आई," तो म्हणाला, "गेले."

"असू दे. मला पाठ आहे." आई हसली आणि पुढच्या ओळी म्हणू लागली, आणि सगळा हॉल एका आवाजात आमेन म्हणाला.