गालावरची पेन्सिल

मी एक जुनी निगेटिव्ह आहे. पण मोबाइलच्या जमान्यातल्या तुम्हाला हे नाव कुठून ठाऊक असणार? तर मित्रांनो, पूर्वी फोटो आधी माझ्यासारख्या काचेवर उमटायचा आणि मग कागदावर. काचेवर सगळं उलटं. काळे केस पांढरे, पांढरे दात काळे. मला पहिल्यांदा पाहणारी मुलं ‘भूत, भूत!’ म्हणून ओरडतात. ओरडू देत बापडी. माझ्या अंगावर एक आई आहे आणि तिच्या मांडीवर तिची चिमुरडी लेक.

फोटो काढताना लेक एका जागी बसेल तर शपथ! तिच्या फ्रॉकला पोटावर मधोमध एक भलामोठा खिसा होता. रस्त्यात दिसेल ते बटण, खडा, पीस ती उचलायची, म्हणून आईनं शेवटी कंटाळून तो शिवून दिला होता. फोटोसाठी तो रिकामा केला, तर पोरीनं भोकाड पसरलं. फोटोग्राफर घामाघूम. मग आईनं तिला जवळ ओढलं आणि लेकीनं सवयीनं आईच्या गालावर हात ठेवला. त्या गालांवर देवीच्या रोगाचे खोल खोल वण होते. त्यांवरून बोटं फिरवता फिरवता पोर गप्प झाली आणि फोटोग्राफरनं डाव साधला.

फोटोग्राफरची बायको वरच्या खोलीत खिडकीपाशी बसून निगेटिव्हवर काम करायची. कुणाच्या सुरकुत्या, कुणाचे डाग, जे जे लोकांना नको असे, तिथं ती टोकदार शिसपेन्सिलीनं काचेवरच बारीक ठिपके भरायची. मग कागदावर चेहरा कसा लोण्यासारखा उतरे! माझ्यावर ती फार खपली. एकेक वण तिनं बुजवला. मीही मनातून फुशारले. आपण देखणं दिसावं असं कुणाला वाटत नाही?

आई फोटो न्यायला आली. तिनं तो जवळून पाहिला, लांब धरून पाहिला आणि खळखळून हसली.

“अगं बाई! ही कोण माझ्या पोरीला घेऊन बसलीय?”

“तुम्हीच की! थोडं साफसूफ केलंय, एवढंच.”

“अहो, पण माझी पोरच मला ओळखायची नाही! झोपताना तिला हाच गाल लागतो हाताला. मला आपला माझ्या तोंडाचा फोटो द्या.”

फोटोग्राफरची बायको ओशाळली. “मी भलं करायला गेले हो. पण काही बिघडलेलं नाही. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल निघून जाते. खाली तुमचं तोंड जसंच्या तसं आहे. पुढच्या आठवड्यात या.”

आईनं तो फोटो तिथंच ठेवला. मला पुसायचं म्हणून वेगळ्या फळीवर काढलं. पुढच्या आठवड्यात आई आली नाही, तिची बातमी आली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं. लेकीला मावशी आपल्या गावी घेऊन गेली. “आता कुणासाठी पुसू?” म्हणून फोटोग्राफरची बायको रडली आणि मला हात लावायचं तिला पुन्हा धैर्य झालं नाही.

पुढे स्टुडिओ बंद पडला. माझ्या कितीतरी बहिणींना गरम पाण्यात घालून, खरवडून, तसबिरींच्या साध्या काचा करून टाकलं. मी वाचले आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात तोटी तुटलेल्या किटलीशेजारी धूळ खात पडले. कोण विचारतो हो उलट्या चेहऱ्याला?

आणि एके दिवशी एक आजी आल्या, सोबत त्यांची सून. “जुन्या निगेटिव्ह आहेत का?” आजींनी विचारलं.

“आई, आता पुरे ना!” सून म्हणाली. “किती दुकानं पालथी घालायची?”

“मावशी जाता जाता सांगून गेली ना, आईचा फोटो काढला होता, पण तो घरी कधी आलाच नाही. मग असेल कुठंतरी.”

त्या एकेक काच उजेडाला धरत होत्या. माझी पाळी आली आणि त्यांनी मला खिडकीपाशी नेलं.

“खिसा! अगं, हा खिसा बघ! हा फ्रॉक अजून माझ्या ट्रंकेत आहे!”

दुकानदारानं मोबाइलवर माझा फोटो घेतला, काळ्याचं पांढरं केलं आणि त्यांच्यापुढे धरला. किती आनंद झाला होता मला, काय सांगू! आजींनी चष्मा पुसून गालांपाशी नीट पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

“ही आई नव्हे.”

“असं कसं? मांडीवर तुम्हीच ना?” सून म्हणाली.

“मीच. पण आईच्या गालांवर देवीचे वण होते. तिचा चेहरा मला आठवत नाही गं, पण माझ्या बोटांना तो गाल आठवतो. ही तरुणपणची मावशी असणार. दोघी बहिणी दिसायला सारख्या होत्या म्हणतात.”

मला ओरडावंसं वाटलं, पण काचेला कुठली वाचा? दुकानदारानं मला मऊ कापडात गुंडाळलं आणि बजावलं, “पुसू बिसू नका हं हिला. चित्र निघून जाईल.” किती काळजीनं सांगितलं बिचाऱ्यानं!

मित्रांनो, कुठल्या दुकानात माझ्यासारखी एखादी सापडली, तर कडेनं धरा, पडू देऊ नका. पण तेवढ्यावर थांबू नका. उजेडात जरा तिरकी करा. गालांवर पेन्सिलीची चमक दिसली, तर जाणत्या माणसाकडे घेऊन जा, विचारा. नुसतं जपून ठेवलं म्हणजे सगळं झालं असं नाही.

आजींनी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. त्याखालच्या फळीवर मी असते. सून बाहेर गेली की आजी खुर्ची ओढून समोर बसतात आणि आपल्या आईच्या डोळ्यांत बघून विचारतात, “मावशी, तू तर तिची सख्खी बहीण. तू तरी सांग ना गं, माझी आई कशी दिसायची?”