मास्तर उभे कसे राहायचे

गल्लीत त्यांना कमानमास्तर म्हणत आणि मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. राग यायचा तो त्यांच्या बायकोला. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची आणि वहिनींच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. कोपऱ्यावर त्यांचं जोडे दुरुस्तीचं दुकान. मास्तर तळ बसवत, वहिनी मशीनवर वरचं चामडं शिवत, आणि रस्त्यातून कुणी पोरगं पाठ वाकवून मास्तरांची नक्कल करत गेलं, की वहिनी हातातलं काम टाकून त्याच्यामागे धावत. एकदा एका चांगल्या मिशीवाल्या गृहस्थाला त्यांनी याच गुन्ह्यासाठी चौकापर्यंत पळवलं होतं. गृहस्थाचे जोडे दुकानातच होते. तो अनवाणी पळाला आणि जोडे न्यायला पुढे त्याची बायको आली.

मास्तरांच्या पाठीनं तरुणपणीच दगा दिला होता. मणक्यांच्या मधल्या फटी हळूहळू हाडानं भरत गेल्या, एकेक मणका शेजारच्याला चिकटला आणि मानेपासून कंबरेपर्यंत सलग एकच हाड झालं, तेही पुढे वाकलेलं. बरगड्या मागच्या बाजूला मणक्यांना जिथे जोडलेल्या असतात, तिथले सांधेही गोठले. चारचौघांच्या बरगड्या श्वासाबरोबर वर उचलल्या जातात आणि छाती फुगते. मास्तरांची छाती जागची हलत नसे. ते पोटानं श्वास घेत आणि पोटानंच हसत. लग्न नवं असताना वहिनी त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपत आणि दचकून उठत, कारण हाताखाली काहीच हलायचं नाही. मग त्यांनी हात पोटावर ठेवायची सवय केली.

मास्तरांना दिसायची ती जमीन आणि जमिनीवरचे पाय. गिऱ्हाईक कोण आहे हे ते जोड्यांवरून सांगत आणि जोड्यांच्या झिजेवरून त्याच्या घरात सध्या काय चाललंय याचे अंदाज बांधत. त्यांचं तोंड पाहायचं तर समोरच्याला वाकावं लागे. बहुतेक लोक वाकत नसत. टाळूशीच बोलून, पावती घेऊन निघून जात. वहिनी पहिल्यांदा तुटकी चप्पल घेऊन दुकानात आल्या, तेव्हा खालून इतका खट्याळ आवाज आला, की हा बोलतोय तरी कोण म्हणून त्यांनी गुडघ्यांवर हात टेकून खाली डोकावलं. तिथेच काय व्हायचं ते झालं.

ओळखपत्राला फोटो हवा होता तेव्हा फोटोवाल्यानं मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मागे कलवून भिंतीला टेकवली. तोंड बरोबर कॅमेऱ्यासमोर आलं, पाय मात्र अधांतरी. फोटोत छान, सरळ समोर बघणारा माणूस आला. वहिनींनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तुझा नवरा," मास्तर म्हणाले.

"माझा नवरा असा नाकासमोर बघत नाही. ठेवा तो कपाटात."

डॉक्टरीणबाई दुकानात आल्या त्या बुटाची टाच बसवायला. वैद्यकीय कॉलेजात त्या शरीररचना शिकवत. मास्तरांच्या पाठीकडे त्या बघत राहिल्या, पण चोरून नाही. सरळ विचारून, परवानगी घेऊन, मणक्यांवरून बोट फिरवून बघितलं. पुढे त्या वरचेवर येऊ लागल्या, टाच शाबूत असतानासुद्धा.

"तुमच्या पोरांना शिकायला कसली हाडं देता?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"सरळ माणसांची. आता तर बरीचशी प्लास्टिकचीच."

"मग मी गेलो की मला न्या."

वहिनींचं मशीन थांबलं. "काहीतरी बरळू नका."

"बरळत नाही गं. जन्मभर लोकांनी मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. आता समोर उभं राहून बघू दे की. दोन गोष्टी शिकतील." मग ते डॉक्टरीणबाईंच्या बुटांकडे वळले. "पण एक अट आहे. मला सरळ करायचं नाही."

"करताच येणार नाही," बाई म्हणाल्या. "करवतीनं कापावं लागेल. शब्द देते."

त्या गेल्यावर मास्तरांनी वहिनींना जवळ बोलावलं. वहिनी वाकल्या.

"शब्द तिनं दिलाय, पण भरवसा माझा तुझ्यावर आहे. तू जाऊन बघून ये. मी मी दिसलो पाहिजे."

"तुम्ही आधी मरा तर खरं," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा मशीनवर बसल्या, पण सुईत दोरा ओवला जाईना.

एका दुपारी जेवून लवंडलेले मास्तर उठले नाहीत. वहिनींनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथून पुष्कळ वेळ काढलाच नाही. नंतर त्यांनी स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन केला. नणंदेनं आकाशपाताळ एक केलं. "माझ्या भावाला काचेत टांगणार? लोक बघत राहतील त्याच्याकडे."

"आजवर काय डोळे मिटून जात होते?" वहिनी म्हणाल्या, आणि नणंदेशी बोलणं तिथेच तुटलं.

वर्ष उलटून गेलं तेव्हा कॉलेजातून बोलावणं आलं. वहिनी धुवट साडी नेसल्या, मास्तरांनी शिवलेले जोडे घातले आणि गेल्या. लांबलचक खोली, भिंतीलगत काचेची कपाटं, फिनेलचा वास. दारातच डॉक्टरीणबाई भेटल्या. शेजारी एक जाडजूड माणूस पान्याशी चाळा करत उभा होता. हाडं जोडून सांगाडे उभे करायचं काम त्याचं, म्हणून सगळं कॉलेज त्याला सांगाडेवाला म्हणे.

"या वहिनी," तो कौतुकानं म्हणाला. "कमान तशीच्या तशी ठेवलीये बघा. एक मणका हलवला नाही. बरगड्यासुद्धा मूळच्या चिकटलेल्याच आहेत."

त्यानं कपाटाचं दार उघडलं. वहिनींनी खालपासून वरपर्यंत बघितलं. पाठीचा बाक खरोखर तसाच होता. पण अख्खा सांगाडा मागे कलवून लोखंडी दांड्यावर चढवला होता. कवटी थेट समोर बघत होती, पाय पुढे गेले होते आणि टाचा जमिनीपासून वर होत्या. घरच्या कपाटातला ओळखपत्राचा तो फोटोच इथे येऊन उभा राहिला होता.

"हे माझे मास्तर नाहीत," वहिनी म्हणाल्या.

सांगाडेवाल्याचा चेहरा पडला. "असं कसं? तेच आहेत. कागदपत्रं आहेत."

"हाडं त्यांची आहेत. उभं राहणं त्यांचं नाही. हा माणूस मागे पडतोय. मास्तर कधी मागे पडले नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी समजूत घालायचा प्रयत्न केला. समोरून बघणाऱ्याला चेहरा दिसावा, बाक बाजूनं नीट कळावा, म्हणून सगळीकडे असंच करतात. अट तर पाळली आहे, मणके सरळ केलेले नाहीत. शिवाय दांडा खाली पक्का जोडलाय, आणि दुपारी मुलं यायची आहेत.

"येऊ देत मुलं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि कपाटासमोर मांडून त्यावर बसल्या. "मी इथून हलत नाही. मुलांना सांगा, ही यांची बायको. दोघांना एकदमच बघा म्हणावं."

"वहिनी, हट्ट करू नका."

"हट्टच आहे हा. दुसरं काय समजलात?"

मग सांगाडेवाल्यानं पाना खिशात घातला आणि डोकं खाजवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. मन लावून केलेल्या कामाला नावं ठेवली गेली होती, इतकंच. "बरं, काढतो खाली. पण उभा कसा करू ते सांगा. मी काही त्यांना जिवंतपणी पाहिलं नाही."

वहिनी उठल्या. सांगायला तोंड उघडलं, आणि शब्द सुचेनात. वाकलेले होते, एवढं तर त्यालाही माहीत होतं. बाकीचं सांगायचं कसं? ते ज्या एका मार्गानं सांगता येणार होतं, त्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर लोकांना दुकानासमोरून पळवून लावलं होतं. त्यांनी पदर खोचला.

मग वहिनींनी गुडघे किंचित वाकवले, कंबर मागे नेली, पाठ पुढे टाकली आणि हनुवटी छातीशी आणली. डावा हात मांडीवर टेकला. उजवा मागे नेऊन कंबरेवर ठेवला, तळवा बाहेर. भर खोलीत, दोन परक्या माणसांसमोर, त्यांनी आपल्या नवऱ्याची नक्कल केली. हुबेहूब केली. त्या चार पावलं चालल्यासुद्धा, आणि चालता चालता त्यांना फक्त फरशी दिसली, सांगाडेवाल्याचे झिजलेले बूट दिसले, आणि हे सगळं मास्तरांना रोज दिसायचं हे ध्यानात येऊन त्यांना रडू फुटलं. तरी त्या सरळ झाल्या नाहीत.

"असे," फरशीकडे बघतच त्या म्हणाल्या. "गुडघे असे वाकवायचे, म्हणून तोल जायचा नाही. समजलं? का परत करून दाखवू?"

"तसेच राहा जरा," सांगाडेवाला हलक्या आवाजात म्हणाला. तो फरशीवर बसला आणि गुडघ्यांचा कोन बघू लागला.

दांडा निघाला, दुसरा बसला, मुलांचा तास दुसऱ्या दिवसावर गेला. वहिनी अधूनमधून ओरडत होत्या, "कंबर मागे, अजून मागे, पाय टेकवा त्यांचे." शेवटी पाना थांबला. कपाटात मास्तर उभे होते, दोन्ही पावलं जमिनीवर, नजर खाली.

"आता झाले तेच," सांगाडेवाल्यानं कबूल केलं. "पण वहिनी, यांचा चेहरा कुणालाच दिसणार नाही."

"ज्याला बघायचाय तो वाकेल," वहिनी म्हणाल्या. "मी नाही वाकले?"

त्या कपाटाजवळ गेल्या, सवयीप्रमाणे गुडघ्यांवर हात टेकले आणि खाली डोकावल्या.

"येते हो," त्या म्हणाल्या. "दुकान उघडायचंय."

दारापर्यंत जाऊन त्यांनी एकदा वळून बघितलं. सांगाडेवाला काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होता. डॉक्टरीणबाई कपाटासमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या होत्या आणि खालून वर बघत होत्या.