आखणी झालेला रितेश

निडीहून गाडीने पेण, पेणहून एसटीने जोहे. गिरजाबाई हर्षदबरोबर निघाली होती. हर्षद तिच्या मुलाचा, रितेशचा बालमित्र, आता गावच्या मंडळाचा अध्यक्ष. फौजेत असताना वारलेल्या रितेशचा अर्धपुतळा मंडळ नाक्यावर बसवणार होतं, आणि "काकी, आधी तुम्ही बघून घ्या" म्हणत त्यानेच तिला आणलं होतं.

जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींच्या रांगेच्या टोकाला रितेश होता. फौजेची टोपी, पिळदार मिशी. छातीवर लाल भोक, खाली रक्ताचे ओघळ. शेजारी पाटी टेकवलेली: 'सीमेवर लढताना वीरमरण'.

गिरजाबाईने अक्षरावर अक्षर ठेवत वाचलं.

"गोळी कोणी घातली रे त्याला?"

"काकी, पुतळा म्हटला की लोकांना तसं..."

"आठ महिने पुण्याला फौजेच्या इस्पितळात कॅन्सरनं पडलेला तो. तोंडभर फोड, पेज उतरत नव्हती. तरी शेजारच्या खाटेवरच्या केरळच्या पोराला मराठी शिव्या शिकवत होता. आणि ही मिशी कोणाची? तुझ्या बापाची?"

सुट्टीवर आला की रितेश वर्दी खुंटीला अडकवून ज्याच्या-त्याच्या भातलावणीत उतरायचा. निडीतल्या निम्म्या घरांत त्याने फौजेच्या कॅन्टीनमधून आणून दिलेले कुकर अजून शिट्या मारत होते. त्या घरांनीच ही पाटी ठरवली होती.

तिने फळीवरचा पॉलिश पेपर उचलला. मूर्तिकार नीलकंठ पुढे झाला.

"आजी, आखणी झाली हाय. डोळे रेखल्यावर मूर्तीला पेपर लावत नाय आम्ही. बापजाद्यांपासून नाय."

"मूर्तीला नका लावू. हा माझा पोरगा हाय."

ती घासू लागली. लाल भुकटी बांगड्यांवर उडाली, खालून पांढरं प्लास्टर दिसलं. हर्षदने तिचा हात धरला.

"काकी, आजाराने गेला असं लिहिलं तर लोक विसरतील त्याला."

"ते तेव्हाच विसरले. आठ महिन्यांत निडीतून पुण्याला कोण आलं? तू आलास?"

"येणारच होतो. कंपनीत शिफ्ट..."

"व्हय. गोळीनं मेला असता तर भेटायला जायचा प्रश्नच नव्हता. म्हणून घातलीत गोळी."

हर्षदची पकड सुटली. तिने पेपर त्याच्या तळहातावर ठेवला.

"भोक मी काढलं. मिशी तू काढ. आणि पाटीवर कॅन्सर लिही. मी वाचून बघणार हाय."

नीलकंठाने तोंड फिरवलं. हर्षद खाली मान घालून मिशी घासू लागला. गिरजाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या मागे उभी राहिली.

"हलक्या हातानं," ती म्हणाली. "ओठ दुखायचे त्याचे."